शेजाऱ्याची भवानी

“पुन्हा वाच,” नेजाती उस्ता म्हणाले.

नेस्लिहानने पुन्हा वाचलं. शनिवारची सकाळ होती. टेबलावर चीज होतं, काकडी होती, उकडलेली अंडी होती, आणि उस्तांच्या हातातलं ऑलिव्ह मघापासून तोंडापर्यंत पोचत नव्हतं. जर्मनीतल्या त्यांच्या शहराच्या पेपराच्या पुरवणीत पानभर मजकूर आला होता: आपल्या शहरात चांगलं तुर्की खाणं कुठे मिळतं. लिहिणाऱ्या कोणी ओस्टरकाम्प नावाच्या बाई होत्या. मार्क्सलो या त्यांच्या वस्तीतल्या अख्ख्या रस्त्यावरच्या एकाच दुकानाचं नाव त्यात होतं आणि ते तुन्जायचं होतं. उस्तांच्या दुकानाच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या तुन्जायचं.

“‘मी आधी शेजारच्या दुकानात शिरले होते,’” नेस्लिहान जर्मन मजकूर घरच्या भाषेत करत वाचत होती. “‘तिथले वयस्क मालक क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग छातीवर हात ठेवून त्यांनी कबूल केलं, की बाई, खायचं असेल तर शेजारी खा. स्वतःच्या दुकानात उभं राहून स्वतःच्या मालाबद्दल इतकं खरं बोलणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. मी त्यांचा सल्ला मानला आणि मला पश्चात्ताप झाला नाही.’”

“कबूल केलं,” उस्ता म्हणाले. “मी कबूल केलं.”

“पुढे तुझी स्तुतीच आहे, बाबा.”

“मी काय चोर आहे, कबूल करायला?”

त्यांची बायको बेहिजे चहा ओतत होती. तिने पेल्यावरून नजर न उचलता विचारलं, “हात ठेवला होतात का छातीवर?”

“ठेवला असेन. मग कुठे ठेवू? डोक्यावर?”

“आणि शेजारी जा म्हणालात?”

उस्तांनी ऑलिव्ह बशीत परत ठेवलं. म्हणाले होते. रोजच म्हणत होते.

नेजातींना सगळे उस्ता म्हणत, म्हणजे आपल्या कामातले उस्ताद. ते मूळचे तुर्कस्तानातल्या मेर्सिनचे. तिथे बंदराजवळ त्यांच्या वडिलांची तांतुनीची गाडी होती. तांतुनी म्हणजे हाताने बारीक चिरलेलं मांस, मधे खोलगट आणि काठाशी पसरट अशा तव्यावर परतायचं, सरकीच्या तेलाचा आणि पाण्याचा हबका मारत राहायचं, पातळ पोळी त्याच तव्यात पुसून घ्यायची, आणि कांदा, अजमोद्याची पानं, लिंबू घालून गुंडाळी करून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. वडिलांनी मुलाला तवा शिकवला आणि तव्याबरोबर एक रीत शिकवली. सकाळी आपली भवानी झाली, की शेजाऱ्याच्या दुकानाकडे बघायचं. त्याची झाली नसेल तर आपल्याकडे आलेलं पुढचं गिऱ्हाईक त्याच्याकडे पाठवायचं. आणि का पाठवतोय ते सांगायचं नाही. गिऱ्हाइकालाही नाही, शेजाऱ्यालाही नाही. कारण सांगितलं, की शेजाऱ्याकडे कुत्रं फिरकत नाही असा बोभाटा आपणच केल्यासारखं होतं. छातीवर हात ठेवायचा, म्हणजे माफ करा, आणि म्हणायचं, आज तिकडे खा.

उस्तांची भवानी व्हेलीच्या हातून व्हायची. व्हेली लोखंडाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला त्यांचा दोस्त. दुकानाचं शटर वर जाताना तो शटरखालून वाकून आत यायचा, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसायचा, एक तांतुनी खायचा आणि दुपारपर्यंत उठायचा नाही. व्हेलीने दिलेलं नाणं उस्ता बरकतीसाठी दाढीला लावून गल्ल्यात टाकत आणि मान वाकडी करून काचेतून शेजारी बघत. तुन्जायचं दुकान रिकामंच असे. मग दारात येणारा दुसरा माणूस, तो कोणी का असेना, तुन्जायकडे जाई. तुन्जायने दुकान टाकल्यापासून हे चाललं होतं, आणि त्या दिवशी तो दुसरा माणूस ओस्टरकाम्प बाई होत्या.

“तर मग सरळ आहे,” नेस्लिहान म्हणाली. “पेपरला कळवू या, की ही आमच्याकडची रीत आहे.”

“खबरदार. कारण सांगायचं नसतं.”

“बाबा, सगळं शहर समजतंय, की तुझी तांतुनी तुलाच खाववत नाही.”

“समजू दे,” उस्ता म्हणाले, आणि ते समजू देण्याच्या बेतात आहेत असं त्यांच्या चेहऱ्यावरून मुळीच दिसत नव्हतं.

त्यांना चीड बाईंच्या लिहिण्याची तर होतीच. पण खरी चीड होती ती तुन्जायच्या डोनरची, उभ्या सळईवर फिरणाऱ्या मांसाच्या त्या गोळ्याची. तो गोळा कारखान्यातून येई. गोठलेला, दगडासारखा टणक, प्लास्टिकात गुंडाळलेला. सकाळी ट्रकवाला तो खांद्यावरून उतरवी तेव्हा उस्ता तोंड फिरवून घेत. त्यात काय काय असतं हे तुन्जायला तरी माहीत असेल की नाही, याची त्यांना शंका होती. आणि हे चांगलं तुर्की खाणं. पेपरात, फोटोसकट.

दुकानाशी पोचेपर्यंत फुटपाथवर रांग लागली होती. तो रस्ता लग्नाच्या कपड्यांचा. दोन्ही बाजूंना काचेआड पांढरे झगे उभे असतात आणि शनिवारी हॉलंड-बेल्जियमपासून नवऱ्यामुली आपापल्या मावश्या-आत्यांसकट येतात. नेस्लिहान अशाच एका दुकानात झग्यांना टाचण्या लावायचं काम करी. या मावश्या-आत्या म्हणजे उस्तांचं शनिवारचं हक्काचं गिऱ्हाईक. त्यातल्या दोघी-तिघी आज तुन्जायच्या रांगेत होत्या. उस्तांना बघून त्यांनी ओळख दाखवली आणि मग बाजूच्या झग्याकडे बघायला लागल्या.

तुन्जाय सुरी टाकून बाहेर धावत आला. चाळिशीचा, धिप्पाड, जन्म जर्मनीतल्याच गेल्सनकिर्शेनचा. मेर्सिन त्याने पाहिलंही नव्हतं. त्याने भर रांगेसमोर उस्तांचा हात धरला, ओठांना लावला, कपाळाला टेकवला.

“उस्ता, तुम्ही मला वाढवलंत. सख्खा भाऊ करणार नाही ते केलंत.”

“मी काही केलेलं नाही.”

“बघा, काय माणूस आहे,” तुन्जाय रांगेकडे वळून म्हणाला. “वर म्हणतो, काही केलेलं नाही.”

रांगेने टाळ्या वाजवल्या. उस्तांनी हात सोडवून घेतला. दारावर तुन्जायने पेपरचं कात्रण चिकटवलं होतं आणि छातीवर हात ठेवल्याचं वाक्य पिवळ्या रंगाने रंगवलं होतं.

“ते काढ,” उस्ता म्हणाले.

“लाजू नका, दादा. मला आधी वाटायचं, तुमच्याकडची माणसं कंटाळून माझ्याकडे येतात. रोज सकाळी एक तरी यायचाच. आता कळलं, की तुम्हीच पाठवत होतात. माझं डोनर तुम्हाला एवढं आवडतं, तर कधी बोलला का नाहीत?”

यावर देण्यासारखं उत्तर उस्तांजवळ होतं. ते देण्याची सोय वडिलांनी ठेवली नव्हती. ते गप्प आपल्या दुकानात शिरले आणि त्यांनी तवा इतका घासला, की तो मेर्सिनमध्ये घेतला तेव्हाही एवढा चकाकत नसेल.

दुपारी तुन्जायने कृतज्ञतेपोटी एक भलं मोठं डोनर चांदीच्या कागदात गुंडाळून पाठवलं. उस्तांनी ते दोन बोटांत धरून व्हेलीपुढे ठेवलं. “हे टाकून दे कुठेतरी.”

व्हेलीने टाकायच्या आधी एक घास घेऊन पाहिला. मग दुसरा घेतला. उस्ता पाहत होते.

“वाईट नाही,” व्हेली म्हणाला.

“नाही ना? मग बस त्याच्याच दुकानात.”

“त्याच्याकडे बसायला जागा कुठे आहे आता,” व्हेली म्हणाला आणि उरलेलं खाऊन टाकलं.

एवढ्यावर निभावलं असतं तरी उस्तांनी सोसलं असतं, असं वाटतं. पण लोक त्यांच्याही दुकानात यायला लागले. खायला नाही, भेटायला. एक जर्मन जोडपं आलं, दोघंही सत्तरीची, एकसारखी जाकिटं घातलेली. नवऱ्याने उस्तांचा हात दोन्ही हातांत घेऊन सांगितलं, की आजच्या जगात तुमच्यासारखी माणसं उरली नाहीत. आमच्या गाडी दुरुस्त करणाऱ्याने असं कबूल केलं असतं तर आमचं कल्याण झालं असतं. बायकोने उस्तांबरोबर फोटो काढून घेतला. मग दोघं तुन्जायकडे जेवायला गेली. पुढच्या आठवड्यात एका शिक्षिकेने अख्खा वर्ग आणला आणि उस्तांकडे बोट दाखवून मुलांना प्रामाणिकपणा म्हणजे काय ते समजावलं. मुलांपैकी एकाने तव्याकडे बघत विचारलं, की हे एवढं वाईट लागतं तर ते का बनवतात. शिक्षिका म्हणाली, आजोबांना वाईट वाटेल, असं विचारू नये.

उस्तांनी त्या पोराला एक तांतुनी फुकट खायला दिली असती. पण वर्ग तोवर शेजारी पोचला होता.

रस्त्यापलीकडे, ट्रामच्या रुळांच्या त्या अंगाला, हेर्बर्ट नावाचा एक जर्मन सॉसेज आणि तळलेल्या बटाट्यांची टपरी चालवत असे. त्याच्याकडे कधी फारसं कोणी नसायचं. तोसुद्धा एके दिवशी रूळ ओलांडून आला आणि पडेल आवाजात म्हणाला, की तुमचं वाचलं, वाईट वाटलं, माझंही असंच आहे. उस्ता त्याच्याकडे बघतच राहिले. या माणसाने आपल्याला स्वतःच्या पंगतीला बसवावं, हे जरा जास्तच झालं होतं.

त्या संध्याकाळी घरी त्यांनी जाहीर केलं, की उद्यापासून आपल्या दारातून एक माणूस त्या दारात जाणार नाही. रीत गेली खड्ड्यात.

“तुमच्या वडिलांची रीत,” बेहिजे म्हणाली.

“वडिलांचा शेजारी फळांचा रस विकायचा. ताजा. समोर पिळून. गोठलेलं मांस विकणाऱ्याला पाठवा असं ते कधी म्हणाले नव्हते.”

“मांसाचं काय त्यात? भवानी ती भवानी.”

“त्याची झाली आहे. जन्माची झाली आहे त्याची भवानी. उलट त्याने पाठवायला हवं माझ्याकडे. एवढी रांग लागते, एक माणूस पाठवला त्याने? एक?”

“त्याला कुठे ठाऊक आहे.”

“ठाऊक नाही ते त्याचं दुर्दैव.”

बेहिजे पुढे काही बोलली नाही. तिने बोलणं थांबवलं, की उस्तांना वाटे आपण जिंकलो. इतक्या वर्षांच्या संसारात हा एक गैरसमज त्यांनी जपून ठेवला होता.

इकडे नेस्लिहानला राहवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत तिने पेपरच्या कचेरीत फोन लावला आणि ओस्टरकाम्प बाईंना पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं: भवानी, व्हेलीकाका, छातीवरचा हात, कारण न सांगण्याची शपथ. बाईंनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, की अशी सुंदर गोष्ट आपण वर्षानुवर्षांत ऐकली नाही आणि आपल्या हातून फार मोठा अन्याय झाला आहे. तो दुरुस्त करायला त्या स्वतः येणार होत्या. फक्त वडिलांना काही सांगू नकोस. मला ती रीत माझ्या डोळ्यांनी घडताना पाहायची आहे. सकाळी येईन, दुसरं गिऱ्हाईक म्हणून.

नेस्लिहानला आनंद झाला. वडील रीत खड्ड्यात घालून बसले आहेत हे बाईंना सांगायचं तिच्या जिवावर आलं. रोज संध्याकाळी ते काही ना काही जाहीर करत असत आणि सकाळी विसरत, हा तिचा आजवरचा अनुभव होता.

या वेळी ते विसरले नाहीत.

बाई आल्या तो मंगळवार होता, पाऊस भुरभुरत होता. पेपर शिळा झाला होता आणि तुन्जायची रांगही शनिवारपुरती उरली होती. व्हेलीने आपली तांतुनी संपवली होती. उस्तांनी नाणं दाढीला लावलं, मान वाकडी करून शेजारी पाहिलं. तुन्जायचं दुकान रिकामं. त्यांनी मान सरळ केली. तेवढ्यात बाई छत्री मिटत आत आल्या. उस्तांनी त्यांना ओळखलं नाही. चष्मेवाल्या जर्मन बायका त्यांना एकूण सारख्याच वाटत.

बाई गल्ल्यासमोर उभ्या राहिल्या आणि हसल्या. उस्ता त्यांच्याकडे बघत राहिले. बाईही बघत राहिल्या, विशेषतः त्यांच्या उजव्या हाताकडे.

“काय देऊ?” उस्तांनी विचारलं.

बाई जरा गोंधळल्या. “मी विचार करत होते… इथेच खावं का?”

“मग काय घरी नेऊन खाणार? निवेल.”

“नाही, म्हणजे, आज दुसरीकडे कुठे…” बाईंनी शेजारच्या दिशेने मान केली. “शेजारी अजून कोणी आलेलं दिसत नाही.”

हा शेवटचा घाव होता. परकी बाई, आपल्या दुकानात उभी राहून, आपल्याला विचारते आहे की शेजारी जाऊ का. उस्तांनी उलथणं खाली ठेवलं.

“नाही आलं. का यावं कोणी?” त्यांची जर्मन एरवी अडखळे, आज ती उतारावरून सुटल्यासारखी निघाली. “ते मांस आहे होय? कारखान्यातून येतं ते. बर्फाचा धोंडा येतो. मी बघतो रोज, ट्रकमधून उतरताना. पायावर पडला तर पाय मोडेल. ते तुम्हाला खायचं असेल तर जा. पण मी पाठवणार नाही. माझ्याकडून आता कोणी जाणार नाही. तिथे भवानी होवो न होवो.”

व्हेली खिडकीतून म्हणाला, “नेजाती, जरा हळू.”

“का हळू? मी कबूल करतोय. कबूल केलेलं लोकांना फार आवडतं म्हणे.”

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. त्या एका टेबलाशी बसल्या आणि हलक्या आवाजात त्यांनी एक तांतुनी मागितली. उस्तांनी ती अशी केली, की जणू समोर वडील उभे आहेत. मांस परतलं, पाण्याचा हबका मारला, पोळी तव्यात फिरवली. बाईंनी खाल्ली. खाताना त्या एकदा थांबल्या, हातातल्या गुंडाळीकडे पाहिलं, आणि मग शेवटच्या तुकड्यापर्यंत थांबल्या नाहीत. उठताना मात्र चेहरा पुन्हा दुःखी झाला. मयताच्या घरातून निघावं तशा त्या निघाल्या आणि शेजारी तुन्जायकडे शिरल्या.

“गेलीच शेवटी,” उस्ता म्हणाले.

पण बाई थोड्याच वेळात परत आल्या. डोळे ओले होते, पावसाने नव्हे.

“मला तुमच्या शेजाऱ्याने पाठवलं,” त्या म्हणाल्या. “त्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, आज उस्तांकडे खा. मी सांगितलं, की मी आत्ताच तिथे खाऊन आले. तर म्हणाले, मग परत खा.”

“त्याने?” उस्ता म्हणाले. “त्याने पाठवलं? माझ्यावर उपकार करतो तो?”

“मला आणखी एक द्याल?”

उस्तांनी दिली. तव्यावरचा राग पोळीत उतरू नये एवढं भान त्यांना होतं.

पुढच्या शनिवारी नेस्लिहानने पेपर आणला, पण वाचायला बसली नाही. घडी करून चहाच्या किटलीखाली ठेवला. उस्तांनी किटली उचलली.

फोटो तुन्जायचा होता. अर्ध्या पानाचा. छातीवर हात, पापण्या मिटलेल्या, मागे सळईवर तो गोळा. नेस्लिहानला वाचावंच लागलं. बाईंनी लिहिलं होतं, की व्यापाराच्या धकाधकीत एक जुनी, उदात्त रीत आपल्या शहरात अजून तग धरून आहे. आपली भवानी झाली, की शेजाऱ्याकडे गिऱ्हाईक पाठवायचं आणि कारण सांगायचं नाही. ही रीत वयस्क पिढी विसरली, हे पाहून आपल्याला खेद झाला. त्यांच्यात आता कडवटपणाच उरला आहे. पण गेल्सनकिर्शेनमध्ये जन्मलेल्या एका तरुणाने ती जपली आहे.

“तरुण,” उस्ता म्हणाले. “चाळीस वर्षांचा घोडा.”

“खाली तुझ्याबद्दल आहे थोडं,” नेस्लिहान म्हणाली. “‘एक गोष्ट मात्र मला सांगितली पाहिजे. त्या कडवट गृहस्थांची तांतुनी ही या शहरात पोळीत गुंडाळून मिळणारी सर्वांत चांगली वस्तू आहे. मी लागोपाठ दोन खाल्ल्या. तुम्ही तुन्जाय यांच्याकडे जा, ते तुम्हाला तिथे पाठवतील.’”

नेस्लिहानने पेपर मिटला. मग उस्तांनी विचारलं, “त्या तुन्जायला ही रीत शिकवली कोणी?”

बेहिजे उठून आणखी अंडी उकडायला गेली. घरात अंडी उकडलेली होती.

“बेहिजे.”

“मी फक्त बोलले त्याला,” स्वयंपाकघरातून आवाज आला. “म्हटलं, बाबा रे, तू इतकी वर्षं त्यांच्या जिवावर भवानी केलीस, आता अधूनमधून एक माणूस पाठव. रडला तो. मला म्हणाला, वहिनी, मला कोणी सांगितलंच नाही.”

“कारण सांगायचं नसतं,” उस्ता म्हणाले. आता त्यात पूर्वीचा जोर नव्हता.

त्या दिवशी उस्तांच्या दुकानापुढे रांग लागली. इतकी मोठी रांग त्यांच्या दुकानाने पाहिली नव्हती. त्यांना जे हवं होतं ते सगळं दारात उभं होतं: मावश्या होत्या, आत्या होत्या, एकसारख्या जाकिटांचं ते जोडपंही होतं. आणि प्रत्येक जण तव्यासमोर आला, की एकच वाक्य म्हणत होता: “आम्हाला तुन्जायने पाठवलं.” पहिल्या दहा-बाराजणांना उस्तांनी नुसती मान हलवली. मग ते म्हणायला लागले, “ठाऊक आहे.” मग तेही म्हणेनात. तुन्जाय दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला छातीवर हात ठेवून पाठवत होता. लोक आधी त्याच्याकडे जात, पाठवून घेत, फोटो काढत, आणि मग इकडे येत. जाकीटवाल्या म्हाताऱ्याने खाऊन झाल्यावर बोटं चाटली आणि उस्तांना समजावलं, की शेजाऱ्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ असतं.

सोमवारी सकाळी उस्तांनी शटर वर केलं. व्हेली वाकून आत आला, खाल्लं, नाणं दिलं. उस्तांनी ते दाढीला लावलं. मान आपोआप वाकडी झाली. शेजारी तुन्जायने नुकतीच शेगडी पेटवली होती. गोळा अजून कच्चा, नुसता कडेने तांबूस. दुकानात कोणी नव्हतं. तुन्जाय एकटा हात चोळत उभा होता. शनिवारची सगळी माणसं त्याने इकडे पाठवली होती. त्याच्या स्वतःच्या सळईवर मात्र त्या दिवशीचं मांस बरंचसं उरलं होतं, हे उस्तांनी रविवारी कचऱ्याच्या डब्याजवळ पाहिलं होतं आणि कोणाला बोलले नव्हते.

तेवढ्यात दारात एक माणूस आला. जर्मन, उंच, पाठीला पिशवी, हातात पेपरचं कात्रण.

“तांतुनी इथेच ना?” त्याने विचारलं.

उस्तांनी तव्याकडे पाहिलं. व्हेलीने चहाचा पेला खाली ठेवला आणि तो बघू लागला. उस्तांचा हात उलथण्यावर होता. तो तिथून निघाला, जरा अडखळला, आणि छातीवर गेला.

“आज तिकडे खा.”

माणसाने कात्रण पाहिलं. “पण इथे लिहिलंय, की तुम्ही पाठवत नाही.”

“पेपरला काय कळतंय. जा.”

“तिकडचं चांगलं आहे?”

“गोठलेलं मांस आहे,” उस्ता म्हणाले. “जा.”

माणूस गेला. उस्तांनी तव्यावर पाणी मारलं. त्यांना आत कुठेतरी बरं वाटायला लागलं होतं आणि त्याचा त्यांना रागही येत होता. पण तवा निवायच्या आत माणूस परत दारात उभा राहिला.

“त्यांनी मला इकडे पाठवलं,” तो म्हणाला. “छातीवर हात ठेवून.”

“काय?”

उस्ता तव्याखालचा जाळ बंद करून बाहेर आले. तुन्जाय आपल्या दारात छातीवर हात ठेवून प्रसन्न उभा होता.

“अरे, त्याला परत का पाठवलास?”

“रीत आहे, उस्ता.”

“कसली रीत? तुझी भवानी झाली का?”

“नाही.”

“मग? आधी स्वतःची भवानी व्हावी लागते, मग दुसऱ्याला पाठवायचं. आपल्या दारात आलेलं पहिलं गिऱ्हाईक पाठवतं का कोणी? एवढंही सांगितलं नाही तुला तिने?”

“वहिनी म्हणाल्या, पाठव. मी पाठवतो. शनिवारपासून सगळ्यांना पाठवतोय.”

“सगळ्यांना? तू शनिवारी काहीच विकलं नाहीस?”

“थोडं विकलं. दुपारनंतर.” तुन्जायने हात छातीवरून काढला. “उस्ता, मला वाटलं, जितके पाठवावे तितकं चांगलं.”

“गाढवा, मग दुकान कशाला टाकलंस? शाळा काढ. ऐक. माझी झाली, तुझी नाही झाली, म्हणून हा तुझा. याला आधी तू खायला घाल. मग दुसरा आला तर बघ, माझ्याकडे कोणी आहे का. माझी तर व्हेलीच्या हातून रोजच झालेली असते, म्हणजे तू माझ्याकडे कोणाला पाठवायचा प्रश्नच येत नाही. पण मी आजारी पडलो, व्हेली आजारी पडला…”

“व्हेलीकाका नाही आले तर मी पाठवायचं.”

“बरोबर. आणि तोंडातून कारण काढायचं नाही.”

“मग तुम्ही आत्ता का सांगताय?”

व्हेली पेला हातात घेऊन दारात येऊन उभा राहिला होता. “तुमचं झालं असेल,” तो म्हणाला, “तर त्या भुकेल्या माणसाला कोणीतरी काही द्या.”

दोघांनी वळून पाहिलं. फुटपाथवर कोणी नव्हतं. पाठीला पिशवी लावलेला माणूस ट्रामचे रूळ ओलांडून पलीकडे गेला होता. हेर्बर्टच्या टपरीसमोर उभा राहून तो कागदी द्रोणातले तळलेले बटाटे खात होता, घाईघाईने, मागे वळून न बघता. हाही आपल्याला दुसरीकडे पाठवून देईल की काय, अशी त्याला भीती वाटत असावी. हेर्बर्ट टपरीच्या खिडकीतून त्याच्याकडे एखाद्या पाहुण्याकडे बघावं तसा बघत होता.

“घ्या,” तुन्जाय म्हणाला. “आपल्या दोघांच्या दारातून गेला, आणि खातोय काय, तर तळलेले बटाटे. पेपरात लिहायला हवं हे.”

उस्ता चिडायच्या तयारीत होते. भुवया गोळा झाल्या होत्या, श्वास भरून घेतला होता. पण ते त्या टपरीकडे बराच वेळ बघत राहिले. खिडकीपुढे तो एकटाच माणूस होता.

“जाऊ दे,” शेवटी ते म्हणाले. “त्याचीही भवानी झाली नसेल.”